षष्ठीची सुकती

आमच्या अलिबागच्या सहलीचा दिवस कधी रविवार पाहून ठरला नाही. तो आजीच्या पंचांगावरून ठरत असे. मे महिन्याची सुट्टी लागली, की एखाद्या दुपारी मागचे आवरून झाल्यावर ती पंचांग मांडीवर घेऊन गिरगावातल्या आमच्या खोलीच्या खिडकीपाशी बसे. तिच्या चष्म्याची एक काडी मोडलेली होती. त्या बाजूला काळा दोरा बांधून तो तिने कानामागे अडकवलेला असे. अंगठा पेरांवरून फिरवत ती काही वेळ पुटपुटत राही आणि संध्याकाळी बाबा कामावरून आले, की चहाचा कप त्यांच्या हाती देता देता सांगे, "वद्य षष्ठीला जाऊ. त्या दिवशी सुकती बरी आहे." बाबा मग त्या तारखेच्या रजेचा अर्ज करत. आमच्या घरातले बाकीचे सगळे निर्णय घड्याळाकडे आणि पगाराच्या तारखेकडे पाहून होत. वर्षातला हा एकच निर्णय समुद्राला विचारून होत असे आणि समुद्राच्या वतीने आजी बोलत असे.

सुकती हा तिचा शब्द. शाळेत आम्ही ओहोटी शिकलो, परंतु आजीच्या तोंडी कायम भरती आणि सुकती. तिथीला तिनाने गुणायचे आणि चाराने भागायचे, की भरतीची वेळ मिळते, हा तिचा हिशेब. सहा त्रिक अठरा, त्याचे चार भाग केले की साडेचार. म्हणजे षष्ठीला पहाटे साडेचारला आणि दुपारी साडेचारच्या सुमारास पाणी भरणार आणि दोहोंच्या मधोमध, पावणेअकराच्या आसपास, ते पुरते उतरलेले असणार. पुढे भूगोलाच्या पुस्तकात भरतीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते आणि ती चंद्रामुळे सरकते असे वाचले, तेव्हा आजीची पाऊणपट ही त्याच नियमाची घरगुती मांडणी आहे हे लक्षात आले. मात्र वेळ हा हिशेबाचा अर्धाच भाग होता. पौर्णिमा-अमावास्येला सूर्य आणि चंद्र एका ओळीत येतात आणि समुद्राला उधाण येते. त्या दिवसांत पाणी जितके वर चढते तितकेच खाली उतरते आणि अलिबागसमोरच्या समुद्रातल्या कुलाबा किल्ल्यापर्यंतची वाट चांगली उघडी पडते. पण त्या तिथींना सुकती येते सकाळी सहाच्या सुमाराला नाही तर संध्याकाळी सहाच्या, आणि मुंबईहून सकाळी निघून रात्री घरी परतणाऱ्यांना तिचा काही उपयोग नसतो. अष्टमीला ती बरोबर दुपारी येते, पण अष्टमीचे पाणी भांगाचे. ते धड चढत नाही आणि धड उतरतही नाही. म्हणून या दोहोंच्या मधली षष्ठी. वाट पुरती कोरडी नसेल, पण पोरांच्या गुडघ्याच्या वर पाणी नसेल आणि परतीच्या वेळी अलिबागकडच्या रेवस बंदराच्या खाडीत लाँच लागण्याइतके पाणी असेल, इतका सगळा विचार त्या पेरांवरच्या मोजणीत असे. लहानपणी मला वाटे, की आजी सांगते म्हणून समुद्र मागे सरतो. खरे काय ते समजल्यावरही तिच्याविषयीचा तो आदर कमी झाला नाही.

आम्ही अशा पाच-सहा सहली केल्या. त्यांपैकी मी चौथीतून पाचवीत गेले त्या वर्षीच्या सहलीविषयी मला लिहायचे आहे, कारण त्या दिवशी आम्ही किल्ल्याबरोबरच आणखी एका ठिकाणी गेलो होतो आणि आपण कुठे गेलो होतो हे समजायला मला पुढे पंचवीस वर्षे लागली.

पहाटे चारला उठून आई पोळ्या करत असे. बटाट्याची कोरडी भाजी, लिंबाचे लोणचे आणि पोळ्या हे सर्व एका कडीच्या डब्यात, आणि दुसरा कडीचा डबा रिकामाच. तो रिकामा डबा आणि सुंभाची एक लांब दोरी कशाला घ्यायची, हे आम्ही मुलांनी पहिल्या वर्षीच विचारून घेतले होते आणि आता तो आमच्यासाठी सहलीचाच एक भाग झाला होता. भाऊच्या धक्क्यावर पोहोचेपर्यंत उजाडत असे. तिथला वास मी शब्दांत नीट सांगू शकणार नाही. मासळी, डिझेल, ओले दोरखंड आणि खारट चिखल यांचा मिळून तो बनलेला असे आणि तो नाकात शिरला, की सुट्टी खरी सुरू झाली असे वाटे. लाँच निघाली, की पायाखालच्या फळ्या थरथरू लागत. डावीकडे घारापुरीचा डोंगर, पुढे उरण-करंजाचा डोंगर, वर तपकिरी पंखांच्या आणि पांढऱ्या डोक्याच्या घारी. दीड तासाचा तो प्रवास माझा धाकटा भाऊ बाबांच्या मांडीवर झोपून काढत असे. आजी मात्र पहिल्यापासून पुढच्या बाजूला, रेवसकडे तोंड करून बसे. एरवी गाडीत बसली की जपमाळ काढणारी आजी लाँचमध्ये कधी जप करताना मी पाहिली नाही.

रेवसला उतरल्यावर एस. टी. आणि मग तासाभरात अलिबाग. मुंबईत कोणी भोळसटपणे वागले, की "अलिबागसे आया है क्या?" असे विचारण्याची पद्धत होती आणि आजही आहे. आमच्या चाळीतही ते वाक्य सर्रास ऐकू येई. आजी त्यावर कधी भांडली नाही. ते कानावर पडले, की ती हातातले काम तसेच ठेवून आत निघून जाई. मला स्वतःला ते वाक्य अजूनही ऐकवत नाही. ज्या गावासमोर कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचे ठाणे होते, ज्या ठाण्यावर १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज एकत्र चालून आले आणि हात हलवत परत गेले, त्या गावाच्या नावाला मुंबईने वेडेपणाचा अर्थ चिकटवावा, याचे वाईट वाटते.

समुद्राकडे जाताना वाटेत एक शांत, झाडीत लपलेले आवार लागते. ती चुंबकीय वेधशाळा. बाबा तिथे दर वर्षी थांबत आणि दर वर्षी तीच हकिगत तितक्याच उत्साहाने सांगत. पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी पूर्वी मुंबईत कुलाब्याला होत असे. मुंबईत घोड्यांच्या ट्राम जाऊन विजेच्या ट्राम येणार असे ठरले, तेव्हा त्या विजेने यंत्रांच्या सुया विचलित होतील हे ओळखून नानाभाई मूस या शास्त्रज्ञांनी नवी जागा शोधली आणि १९०४ मध्ये ही वेधशाळा अलिबागला उभी राहिली. यंत्रांच्या खोल्या लोखंड टाळून बांधल्या. जुन्या आणि नव्या मोजणीचा मेळ बसावा म्हणून पुढची दोन वर्षे दोन्हीकडे मोजणी चालू ठेवली होती. हे ऐकताना आम्ही मुले त्या कुंपणापलीकडे पाहत असू आणि खिशातली नाणी, कंपासपेटी, केसांतल्या पिना यांची काळजी करत असू. "म्हणजे मुंबईचा गोंगाट सोसेना म्हणून ते यंत्र इथं आलं," आजी त्या वर्षी म्हणाली, "आणि आम्ही इथून तिकडं गेलो." बाबा एकदम गप्प झाले. मला त्या वाक्यात विशेष काही वाटले नाही; मी पिना मोजत होते.

किनाऱ्यावर पोहोचलो तेव्हा साडेनऊ झाले होते आणि पाणी जवळजवळ उतरले होते. समोर कुलाबा किल्ला. भरतीच्या वेळी तो पाण्यात एकटा बसलेला दिसतो आणि सुकतीला किनाऱ्यापासून त्याच्यापर्यंत ओल्या वाळूचा आणि काळ्या खडकांचा एक पट्टा उघडा पडतो. घोडागाड्या पाणी उडवत निघाल्या होत्या. बाबांनी एक ठरवावी म्हणून भाऊ हट्ट करत होता, पण आजी चालतच जात असे आणि मग सगळ्यांनाच चालावे लागे. तिने नऊवारीचा ओचा वर खोचला, वहाणा पायातच ठेवल्या आणि आम्हालाही ठेवायला लावल्या, कारण त्या खडकांना कालवे चिकटलेली असतात आणि त्यांच्या कडा सुरीसारख्या असतात.

त्या चालण्यातले एक दृश्य माझ्या डोळ्यांसमोरून कधी हललेले नाही. ओल्या वाळूवर बारीक बारीक भोके होती आणि प्रत्येक भोकाभोवती मोहरीएवढ्या वाळूच्या गोळ्या, मधून बाहेर जाणाऱ्या रांगांनी मांडलेल्या, जणू कोणी ठिपक्यांची रांगोळी काढावी तशा. मी वाकून पाहू लागले. पाऊल वाजले, की सगळीकडे सामसूम. श्वास रोखून उभे राहिले, की नखाएवढा एक पारदर्शक खेकडा बाहेर येई, घाईघाईने वाळू तोंडाशी नेई आणि चाळून झालेल्या वाळूची गोळी करून मागे टाकी. आजी माझ्याशेजारी उभी राहिली. तिने मला लवकर चल असे म्हटले नाही. "भरती आली की सगळं पुसून जाईल," ती म्हणाली. "मग?" मी विचारले. "मग उद्याची सुकती. पुन्हा मांडतील." मधल्या भागात पाणी माझ्या पोटऱ्यांपर्यंत होते, कोमट आणि इतके स्वच्छ की पायाची बोटे दिसत होती.

किल्ल्याविषयी बाबा बोलू लागले, की थांबत नसत आणि मला ते आवडे. शिवाजी महाराजांनी १६८० मध्ये, म्हणजे आयुष्याच्या अखेरच्या काळात, या खडकावर बांधकाम सुरू करवले आणि संभाजी महाराजांच्या काळात ते पुरे झाले. तटाचे मोठाले दगड चुना न भरता एकमेकांवर नुसते बसवलेले आहेत. लाट आदळली, की पाणी फटींत शिरते, तिचा जोर तिथेच जिरतो आणि दगड जागचे हलत नाहीत. बाबांनी मला त्या फटीत हात घालायला सांगितला. कोपरापर्यंत हात आत गेला आणि बोटांना गार, ओलसर हवा लागली. महादरवाजाच्या दगडांवर कोरलेले प्राणी, तटावरच्या चाकांच्या गाड्यांवर बसवलेल्या, यॉर्कशायरमधल्या कारखान्यात १८४९ मध्ये ओतलेल्या दोन तोफा आणि त्यांतल्या एकीवर हटकून चढून बसणारा माझा भाऊ हे सगळे दर वर्षी तसेच असे. आत राघोजी आंग्र्यांनी १७५९ मध्ये बांधलेले सिद्धिविनायकाचे देऊळ आहे. देवळासमोरच्या पुष्करणीच्या काठी सावली पाहून आम्ही डबा उघडत असू.

आणि मग तो रिकामा डबा. चारी बाजूंनी खारे पाणी असलेल्या त्या किल्ल्यात गोड्या पाण्याची विहीर आहे. बाबा दोरी बांधून डबा आत सोडत, तो बुडल्याचा आवाज खालून वर येई आणि भरलेला डबा वर आला, की पहिली ओंजळ आजीची. ती डोळे मिटून पाणी पिई. त्या पाण्याला किंचित मचूळ चव होती आणि मला ते काही फार आवडत नसे, परंतु आजी उरलेले पाणी डब्यात भरून, झाकण घट्ट लावून मुंबईला आणत असे. घरी आल्यावर ते पाणी तुळशीला जाई. आईला हा सगळा खटाटोप कळत नसे, पण तिने कधी हरकत घेतली नाही.

पावणेबाराच्या सुमारास आम्ही दरवाजाबाहेर आलो. बाबांना अजून शेजारच्या सर्जेकोट या छोट्या किल्ल्यापर्यंत जायचे होते. आजी खडकांच्या मधल्या एका डबक्याकडे पाहत उभी होती. "पाणी फिरलं," ती म्हणाली. मला समुद्र जिथे होता तिथेच दिसत होता. तिने मला जवळ बोलावून त्या डबक्याचे तोंड दाखवले. सकाळी त्यातून पाण्याची बोटभर धार समुद्राकडे वाहत होती. आता तीच धार उलटी, आत येत होती आणि तिच्यावर तरंगणारे एक वाळलेले पान किनाऱ्याच्या दिशेने निघाले होते. लाटांमध्ये अजून काहीच बदल नव्हता. बाबांनी वाद घातला नाही. ऑफिसात ज्यांच्या शिस्तीची चर्चा होत असे असे माझे वडील, आईने दाखवलेल्या एका पानाकडे पाहून मुकाट्याने परत फिरले, हे मला त्या वयातही फार विलक्षण वाटले होते. किनाऱ्यावर पोहोचून मागे पाहिले, तर मघाशी पोटऱ्यांपर्यंत असलेले मधले पाणी मांड्यांपर्यंत आले होते आणि माझ्या खेकड्यांच्या रांगोळीच्या जागी नुसता चकाकता पृष्ठभाग होता.

एरवी यानंतर आम्ही छत्रीबागेत कान्होजींच्या समाधीला जाऊन बाजारातून पांढऱ्या कांद्यांची माळ घेत असू आणि मग रेवसची एस. टी. धरत असू. त्या वर्षी मात्र आजी म्हणाली, "आक्षीला जाऊन येऊ या का रे?" बाबांनी तिच्याकडे पाहिले, घड्याळाकडे पाहिले आणि ते म्हणाले, "चल."

आक्षी अलिबागच्या दक्षिणेला, खाडीचा पूल ओलांडला की लगेच. एस. टी.तून उतरून नारळी-पोफळींच्या सावलीतून आम्ही चालू लागलो. बाहेर रणरणते ऊन होते आणि त्या वाडीच्या रस्त्यावर एकदम माठातल्यासारखा गारवा. रस्त्याच्या कडेला एक उभा दगड होता. बाबा थबकले. हा शिलालेख शके ९३४ चा, म्हणजे इसवी सन १०१२ चा, आणि मराठीतला सर्वांत जुना शिलालेख म्हणून अनेक अभ्यासक त्याच्याकडे बोट दाखवतात, असे त्यांनी सांगितले. वरच्या बाजूला चंद्र आणि सूर्य कोरलेले होते. जोवर चंद्र-सूर्य आहेत तोवर दिलेले दान चालू राहावे असा त्यांचा अर्थ, हेही त्यांनीच सांगितले. मी अक्षरांवरून बोट फिरवले. एकही अक्षर मला ओळखता येईना आणि आपल्याच भाषेतले आपल्याला वाचता येत नाही याची लाज वाटली. आजीने दगडाकडे ओळखीच्या माणसाकडे पाहावे तसे पाहिले. "याला पाट्या टेकवून आम्ही बोरं वेचायला जायचो," ती म्हणाली. "लेख आहे म्हणून कुणाला ठाऊक?" आणि ती पुढे निघाली.

ती आमच्यापुढे चालत होती. इतर वेळी रस्ता ओलांडताना माझा हात धरणारी आजी, त्या वाटेवर दोन वळणे कोणाला न विचारता वळली आणि एका बेड्यापाशी, म्हणजे वाडीच्या फाटकापाशी, थांबली. आत कौलारू घर, पुढे सारवलेले अंगण, बाजूला सुपारीची झाडे. ओटीवर एक बाई सूप घेऊन तांदूळ निवडत बसल्या होत्या. आजी म्हणाली, "मुलांना तहान लागलीय. पाणी मिळेल का बाई?" त्या बाई लगेच उठल्या, आम्हाला ओटीवर बसवले आणि आत जाऊन तांब्या-भांडे घेऊन आल्या, बरोबर गुळाचा खडाही होता. आजीने भांडे हातात घेतले आणि विचारले, "मागच्या विहिरीचं का?"

"नाही, नळाचं आहे," त्या म्हणाल्या. "विहिरीचं आता झाडांना घालतो."

"विहिरीचं चालेल मला," आजी म्हणाली.

त्या बाई क्षणभर आजीकडे पाहत राहिल्या. मग काही न बोलता त्या मागे गेल्या. आजीही त्यांच्यामागोमाग गेली आणि तिच्यामागे मी. मागे रहाटाची विहीर होती. रहाट चालत नव्हता. त्याचे लाकूड पांढरे पडले होते आणि त्याला वेल चढला होता. आजीने खांबावर हात ठेवला. खांबाला छातीच्या उंचीवर एक खाच होती, दोरीच्या घर्षणाने पडावी तशी गुळगुळीत, आणि तिचा अंगठा त्या खाचेत जाऊन बसला. त्या बाईंनी कळशीने पाणी शेंदून तिच्या ओंजळीत ओतले. आजी प्यायली. ओले हात तिने तोंडावरून फिरवले आणि म्हणाली, "गोड आहे." एवढेच. परतताना त्या बाईंनी आमच्या पिशवीत दोन शहाळी घातली आणि आजीने पिशवीतल्या कडीच्या डब्यातले किल्ल्याचे पाणी, तिथे अंगणात तुळशीवृंदावन होते, त्यात ओतले. त्या वर्षी आमच्या घरच्या तुळशीला पाणी आले नाही. मी रस्त्यात विचारले, "आजी, मागे विहीर आहे हे तुला कसं कळलं?" ती म्हणाली, "वाडी आहे म्हणजे विहीर असणारच, पोरी." उत्तर बरोबर होते आणि मला ते पटले.

संध्याकाळी रेवसला पोहोचलो, तेव्हा भरती नुकतीच पुरी झाली होती. पाणी धक्क्याच्या वरच्या पायऱ्यांना लागले होते आणि खाडी काठोकाठ भरून शांत झाली होती. लाँचमध्ये आजी मागच्या बाजूला बसली. सकाळी ती पुढच्या बाजूला बसली होती. म्हणजे दोन्ही वेळा तिचे तोंड एकाच किनाऱ्याकडे होते, हे मला फार नंतर, मनातल्या मनात तो प्रवास पुन्हा करताना सुचले. माझ्या मांडीवर पांढऱ्या कांद्यांची माळ होती. त्या कांद्यांना आता भौगोलिक मानांकन मिळाले आहे, पण तेव्हा ते आमच्यासाठी आजीचे कांदे होते, मीठ न लावताही कच्चे खाता येतील इतके गोडसर. ती माळ पुढे पावसाळाभर स्वयंपाकघरातल्या खुंटीला टांगलेली असे आणि एकेक कांदा कमी होत खालून वर जाई.

आजी गेल्यानंतर तिची पंचांगे आवरताना बाबांनी मला सांगितले, की आक्षीचे ते घर तिचे माहेर होते. मामांनी कर्जापायी घर आणि वाडी विकली ती बाबा लहान असताना. नंतर तिथे तिचे कोणी उरले नाही. "रात्री राहायला कुणाकडे जाणार?" बाबा म्हणाले. "म्हणून सकाळी जाऊन संध्याकाळी परत." मी काही बोलू शकले नाही. आमच्यासाठी जी सहल होती, तिच्यासाठी ते माहेरी जाणे होते आणि वर्षातला तो एक दिवस तरी पाणी वाट देईल असा असावा म्हणून ती तिथीची पाऊणपट करत होती. त्या घरात तिने स्वतःची ओळख का सांगितली नाही, हे मी तिला विचारू शकले नाही. मला वाटते, सांगितले असते तर ती पाहुणी झाली असती. न सांगता विहिरीपाशी गेली, म्हणून काही क्षण तरी ती त्या घरातली राहिली. माझे हे म्हणणे चुकीचेही असेल. विचारण्याची वेळ होती तेव्हा मी पिना मोजत होते आणि शहाळ्याची वाट पाहत होते, ही खंत मात्र माझी आहे.

दोन वर्षांपूर्वी मी माझ्या मुलीला घेऊन पुन्हा गेले. आता भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला मोटारीसकट घेऊन जाणारी मोठी रो-रो बोट जाते. २०२० पासून ती सुरू आहे आणि तासाभरात पलीकडे पोहोचते. मुलीने मोबाइलवर भरतीची वेळ काढून दाखवली. मी तिला तिथी विचारली, तीही तिने तिथेच शोधली: दशमी. "दहा त्रिक तीस, भागिले चार," मी म्हणाले. तिने साडेसात असे उत्तर दिले आणि मोबाइलवरची वेळ पाहून ती चकित झाली. दोहोंत वीस मिनिटांचासुद्धा फरक नव्हता. मग किल्ल्याची वाट उघडी पडेपर्यंत मीही तिला, आजीने मला दिला होता तसा, सकाळचा मोकळा वेळ दिला, कुठेही न पळवता.

आक्षीचे ते घर मी शोधले. बेडे जाऊन तिथे लोखंडी फाटक आले आहे, कौले आहेत, आणि मागच्या वाडीत पर्यटकांसाठी तीन खोल्या बांधल्या आहेत. मी त्यांतली एक खोली रात्रीपुरती घेतली. घरातल्या सूनबाईंनी नाव-पत्ता लिहून घेतला. कुठून आलात, पहिल्यांदाच का, असे आपुलकीने विचारले. मी "गिरगावातून" इतकेच सांगितले. रहाट काढून टाकला आहे. विहिरीवर जाळी आणि पंप आहे, पण खांब तसाच आहे आणि खाचही. मुलीचा अंगठा मी त्या खाचेत ठेवला. तिने कशाची खाच म्हणून विचारले आणि मी तिला सगळे सांगितले, पंचांगापासून.

आजी सांगत असे, की त्या घरात रात्री गाज ऐकू येते. सुकतीला ती सुरूच्या बनापलीकडे लांब जाते आणि भरतीला उशाशी येते. रात्री दीड-दोनच्या सुमारास मला जाग आली, तेव्हा दशमीच्या हिशेबाप्रमाणे पाणी पार उतरलेले होते आणि कानांवर फक्त झावळ्यांची सळसळ येत होती. मुलगी शेजारी गाढ झोपली होती. मी उठून बसले आणि वाट पाहत राहिले. पहाटे पाचच्या पुढे सुरूच्या बनातून तो आवाज आधी अगदी बारीक आला, मग भरत गेला, आणि कोंबडे आरवेपर्यंत गाज उशाशी येऊन पोहोचली होती.